आप्पासाहेबांची दाद

आप्पासाहेब कडगंचे कलावंतांना स्वतःच्या हातानं भरवायचे. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की मला आधी तो हातच दिसतो. गोरा, गुबगुबीत, पेरांवर पांढरे केस. अनामिकेत पुष्कराजाची अंगठी. ती कित्येक वर्षांत निघाली नसावी, कारण तिच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. त्या हातात शेंगापोळीचा तुकडा असे, तुकड्यावरून तूप मनगटाकडे ओघळत असे, आणि तो समोरच्याच्या ओठांवर टेकवून आप्पासाहेब म्हणत, "आ करा."

माणसं आ करत. गवई, नट, चित्रकार, एकदा तर एक वयस्कर कीर्तनकारसुद्धा. फोटोग्राफर तयारच असे. मग आप्पासाहेब उरलेलं तूप आपल्याच धोतराच्या सोग्याला पुसत आणि पुढच्या माणसाकडे वळत. "कलावंत म्हणजे लेकरू," असं ते म्हणायचे. "लेकराला विचारत बसायचं नसतं. भरवायचं असतं."

हे सगळं मी व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाहिलं. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि आप्पासाहेबांच्या वार्षिक संगीत महोत्सवाचं निवेदन करत होते. सतरा वर्षं केलं. पहिल्याच वर्षी त्यांनी माझी ओळख पाहुण्यांना करून दिली ती अशी: "ह्या आमच्या तांबोळीबाई. मुसलमान आहेत, पण मराठी ऐका तुम्ही! आपल्या बामणांना जमायचं नाही." पाहुणे हसले, मीही हसले. पुढे दरवर्षी तेच वाक्य यायचं आणि दरवर्षी मी त्याच जागी हसायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी आप्पासाहेबांविषयी बरंच वाईट बोलणार आहे, आणि वाचणाऱ्यानं मला बाजूला काढून ठेवू नये.

वडिलांचे चार माग होते, त्यावरून आप्पासाहेबांनी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा मोठा कारखाना उभा केला. तो माल परदेशात जाई. घरात कानडी, कारखान्यात मराठी, शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांशी मोडकं तेलुगू, तिन्हींत हुकूम देता येईल एवढं त्यांना येत होतं. शहरात नाटकाला धड जागा नव्हती, त्यांनी सभागृह बांधून दिलं. त्यात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो ते टाळ्या वाजवून स्वतः तपासलं. गरीब घरच्या कितीतरी मुलामुलींना त्यांनी तंबोरे, तबले घेऊन दिले. हे खोटं नाही. आणि त्यांना गाणं कळायचं, हेही खोटं नाही. पुष्कळ आश्रयदाते पहिल्या रांगेत झोपतात. आप्पासाहेब कधी झोपले नाहीत. सूर किंचित उतरला तरी त्यांच्या कपाळावर आठी यायची, आणि लागला की डोळे भरायचे.

हेच तर अवघड आहे. अडाणी माणसाचा राग तरी पटकन येतो.

कापडवाला माणूस असल्यानं त्यांना एक सवय होती. समोर कुणीही आलं की त्याच्या अंगावरचं कापड ते अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघत. पुरुषाची बाही असो की बाईचा पदर. विचारायचं नाही, थांबायचं नाही. बोलता बोलता पदर हातात घ्यायचा, दोन बोटांत फिरवायचा आणि म्हणायचं, "मिक्स आहे. फसवलं तुम्हाला." नव्या गायिका बिचाऱ्या मागे सरकायच्या, तर पदर त्यांच्या हातात ताणला जायचा. तेव्हा ते मोकळेपणानं हसायचे. त्यांच्या मनात वाईट काही नसे, असं सगळे सांगत. मलाही तसंच वाटतं. आपण ज्याला हात लावतोय ते कापड कुणाच्या तरी अंगावर आहे, हे त्यांच्या मनात येतच नसे.

उस्मानभाई नावाचे एक तबलजी आमच्या गावात होते. म्हातारे, किडकिडीत, फार गोड हाताचे. त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन आप्पासाहेबांनी पुण्याला नेऊन करवलं. स्वतः दोन दिवस दवाखान्यात बसून राहिले. घरच्यांना डबा पोचतो की नाही ते बघितलं. उस्मानभाई बरे झाले आणि त्या वर्षीच्या महोत्सवात साथीला बसले. कार्यक्रम रंगला. मध्यंतराच्या आधी आप्पासाहेब व्यासपीठावर आले, माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "मंडळी, हे जे बोटं चालवतायत ना, ह्यांची छाती फाडून पुन्हा शिवलीय. उस्मानभाई, दाखवा की."

उस्मानभाईंना कळलं नाही.

"अहो, कुडतं वर करा. लाजता काय? आपलीच माणसं आहेत."

सभागृहात आठशे माणसं होती. उस्मानभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काय करावं अशी त्यांची अपेक्षा होती कोण जाणे. मग त्यांनी कुडतं वर केलं. गळ्याखालून बेंबीच्या दिशेनं गेलेला जांभळट वण, त्याच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके, आणि त्यामागे भराभर खालीवर होणाऱ्या फासळ्या. प्रकाशयोजनेच्या पोरांनी दिवा बरोबर त्यावर आणला. आप्पासाहेबांनी अंगठीच्या बोटानं तो वण वरून खालपर्यंत दाखवला. बोट टेकलं होतं की नाही, मला माझ्या कोपऱ्यातून नीट दिसलं नाही.

टाळ्या सुरू झाल्या आणि माइक माझ्या हातात परत आला. निवेदिकेला अशा वेळी काहीतरी बोलावंच लागतं. मी म्हणाले, "हृदयानं हृदयाला दिलेली ही दाद!" टाळ्या दुप्पट झाल्या. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा तोच होता.

आठवड्यानं उस्मानभाई बाजारात भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "उनो जान बचाए मेरी, बेटा. कुर्ता उठाए तो क्या होता?" पण त्यानंतर ते कुडत्याच्या आत गळ्यापर्यंत बटणं असलेली जाड बंडी घालू लागले. सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा.

आता नागमणीचं सांगते.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद, झेंडूच्या माळा, पेढे. एका वर्षी पूजेनंतर शिलाई विभागातल्या तेलुगू बायका फेर धरून त्यांची सणाची गाणी म्हणू लागल्या. मला आप्पासाहेबांनी मुद्दाम बोलावलं होतं. आम्ही ऑफिसच्या काचेमागे चहा घेत होतो. बायकांच्या आवाजातून एक आवाज वर आला. वर आला म्हणजे चढला नाही. बाकीचे खाली राहिले आणि तो आपला होता तिथं दिसू लागला. आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला, काच सरकवली. गाणं संपेपर्यंत ते उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसायचंही भान नव्हतं.

ती नागमणी. पस्तिशीची, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. नवरा मागावर होता तो वारलेला, दोन मुली शाळेत. ती टॉवेलच्या कडा शिवायची. गाणं आईकडून आलेलं. सुरांची नावं तिला माहीत नव्हती. आप्पासाहेबांनी "काय गातेस?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "आईचं हाय मालक. माहेराहून परत निघालेली पोरगी नदीला विचारायली, की मला पार नेतीस का इथंच ठेवतीस."

त्याच वर्षी महोत्सवात ती गायली. पहिल्या दिवशी, पहिल्या सत्रात. आप्पासाहेबांनी तिला कारखान्याचा निळा कोट घालून गायला लावलं. ती म्हणाली, घरी एक चांगली साडी आहे. ते म्हणाले, "साडीतल्या गायिका खूप आहेत." ती निळ्या कोटात गायली, आणि खरंच लोक उभे राहिले. तिला शेंगापोळी भरवण्यात आली. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, पाठीवर मालकांचा हात, असा तिचा फोटो कितीतरी दिवस सभागृहाच्या दारात होता.

मग कारखान्यात माल बघायला परदेशी पाहुणे येत, तेव्हाही ती गाऊ लागली. तिची मशीन जिथं होती त्याच्या शेजारी टॉवेलवरचे धाग्यांचे फासे कातरून मऊ लव काढणारं मोठं यंत्र होतं. त्यातून कापसाची लव अखंड उडायची. तिथल्या माणसांच्या भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं असायचं. पाहुणे आले की यंत्रं थांबवायची, नागमणीनं उठून उभं राहायचं आणि गायचं. छपरातल्या काचेतून ऊन येई आणि त्या उन्हात लव हळूहळू खाली उतरत असे. मी ते पाहिलं आहे. दिसायला सुंदर दिसायचं, हे कबूल करायला हवं.

आप्पासाहेबांनी मला सांगितलं, "बाई, ह्याला एक ओळ द्या. कॅलेंडरवर छापू."

मी ओळ दिली: "कापसाच्या पावसात गाणारी कोकिळा."

त्यांनी ती दोनदा मोठ्यानं म्हटली, डोळे मिटले, मान हलवली. "वाऽ!" अशी दाद मिळाल्यावर माणसाला कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी घरी जाताना मी ती ओळ मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. कॅलेंडर निघालं. बारा महिने, बारा फोटो, सगळ्यांत नागमणी, आणि खाली माझी ओळ. आमच्या स्वयंपाकघरातही ते होतं.

तीन वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी नागमणी कॉलेजात मला भेटायला आली. स्टाफरूमच्या दारात चप्पल काढून उभी राहिली. "बस," म्हटलं तरी खुर्चीच्या कडेला टेकली. थोडं बोलली की खोकायची. कोरडा, लहान लहान खोकला, जणू घशात केस अडकलाय.

"मॅडम, डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ गेलीया. गाणं राहू दे, म्हणाले, आधी तिथून हल. पॅकिंगला लव न्हाय. तिथं बसवा म्हणून मालकांना बोलून बघा की."

"तू नाही बोललीस?"

"बोलले की. सुपरवायझरला बोलले. ते म्हणतेत, तुझं मालकच ठरवणार, आमच्या हातात न्हाय. फडकं बांधून बसत होते तोंडाला. तर पाहुणे यायच्या येळी काढायला लावतेत. परवा दोनदा काढलं."

"काम सोड मग."

दोन मुलींच्या आईला मी काय सांगत होते ते माझ्याच लक्षात आलं. मी म्हणाले, "बोलते मी." तिनं उठून माझ्या हाताला हात लावला. हात गरम होता.

मी दुसऱ्याच दिवशी होटगी रस्त्यावरच्या बंगल्यावर गेले. आप्पासाहेब व्हरांड्यात बसून पाय चेपून घेत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. चेहरा खरोखर काळजीचा झाला. लगेच फोन करून मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. ड्रायव्हरला सांगितलं, नागमणीला गाडीतून न्यायचं, गाडीतून आणायचं. आतून ज्येष्ठमधाची डबी आणि मधाची बरणी मागवली. माझ्या हातात देत म्हणाले, "हे रोज सकाळी. घसा म्हणजे सोनं आहे तिचा."

"आणि पॅकिंगचं?" मी विचारलं.

"कसलं पॅकिंग?"

"तिला तिथून हलवायचं म्हणतेय मी, आप्पासाहेब. बाकी काही नको आहे तिला."

ते हसले. एखाद्या हुशार विद्यार्थ्यानं सोपी चूक करावी आणि मास्तरांनी हसावं, तसं. "अहो, तुम्हीच लिहिलंय की, कापसाच्या पावसात. पॅकिंगमध्ये पुठ्ठ्याचे खोके आहेत. तिथं पाऊस कुठून आणू मी?"

मला वाटलं, गंमत करताहेत. पण पाय चेपणाऱ्याला त्यांनी दुसरा पाय दिला आणि शांतपणे पुढे बोलू लागले. "बाई, तुम्ही साहित्यातल्या आहात, तुम्हाला सांगायला नको. गाणं कुठंही होतं. ते चित्र पुन्हा होत नाही. ती कोट घालून, ते ऊन, ती लव. जगात कुठं नाही असं. लोक तेच बघायला येतात. सहा महिने दम धरा, त्या जपानी पाहुण्यांशी मालाचा करार होऊ दे, मग बघू."

"सहा महिन्यांत तिची छाती..."

"डॉक्टर दिलाय की!" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मध दिलाय. गाडी दिलीय. आणखी काय काळीज काढून देऊ?"

मी काय केलं? मध आणि ज्येष्ठमध घेतला, "येते," म्हटलं आणि निघाले. माझं ललित लेखांचं पुस्तक त्यांनी छापून दिलं होतं, हे कारण मी नंतर बरीच वर्षं स्वतःला देत आले. ते खरं नाही. पुस्तकाचं काय एवढं. मला तो कोपरा आवडायचा. दिवे मंद होतात, आठशे माणसं गप्प होतात आणि आपला आवाज पहिला निघतो, ते मला सोडवत नव्हतं.

नागमणीला मी मधाची बरणी नेऊन दिली. पूर्व भागात एका खोलीत राहायची. तिनं बरणी घेतली, झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावलं. "बोललात?" म्हणाली. मी म्हणाले, "सहा महिने थांब म्हणताहेत." ती "बरं," म्हणाली आणि धाकटीला मला पाणी द्यायला सांगितलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सहा महिने गेले, करार झाला, ती तिथंच होती. पुढच्या महोत्सवात तिचं नाव पत्रिकेत सर्वांत वर होतं. मी नाव पुकारलं, ओळही म्हटली, कारण लोक ती ओळ ऐकायलाच थांबत. नागमणी निळ्या कोटात आली. माइकसमोर उभी राहिली. गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला, जिथं आवाज वर जातो तिथं, काहीच आलं नाही. नुसता वारा आला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग खोकला आला. माइक चालू होता, तो खोकला त्या इतक्या काळजीनं बांधलेल्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचला.

तिनं हात जोडले आणि जायला निघाली.

आप्पासाहेब पहिल्या रांगेतून उठले. आता तिला सावरतील, असं मला वाटलं. बऱ्याच जणांना वाटलं असणार, कारण कुणीतरी टाळ्याही वाजवायला सुरुवात केली. ते पायऱ्या चढून आले, तिच्या दंडाला धरून तिला पुन्हा माइकसमोर आणलं आणि आवाजाच्या यंत्रामागे बसलेल्या माणसाला म्हणाले, "मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे ना? लाव."

मग तिच्याकडे वळून हळू म्हणाले. पण मी दोन हातांवर होते, मला ऐकू आलं. "ओठ हलव फक्त. कुणाला कळत नाही."

रेकॉर्डिंग लागलं. तिचाच आवाज, भरलेला, निवांत, नदीला विचारणारा. नागमणी दिव्यात उभी होती. तिनं ओठ हलवले नाहीत. तोंड घट्ट मिटून, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून, समोर बघत ती गाणं संपेपर्यंत उभी राहिली. सात-आठ मिनिटं असतील. आप्पासाहेब आपल्या जागेवर जाऊन बसले होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, मान डोलत होती, आणि त्या अवघड जागी त्यांनी नेहमीसारखी हात उचलून दाद दिली. समोर ती बाई उभी असताना. मी पडद्यामागे गेले आणि तिथल्या बेसिनमध्ये ओकले. मग तोंड धुतलं, लिपस्टिक लावली आणि परत येऊन पुढच्या कलावंताचं नाव पुकारलं.

सत्र संपल्यावर नागमणी मागच्या दारापाशी भेटली. कोट काढून हातावर घेतला होता. आत साधी, धुवून धुवून विरलेली साडी होती. "मॅडम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझाच आवाज मला ऐकवायलेत बघा." तिनं कोट माझ्याकडे दिला. "हे त्यांना द्या." आणि रस्ता ओलांडून रिक्षाच्या थांब्याकडे गेली. कारखान्यात ती पुन्हा गेली नाही. आता घरीच शाळेचे गणवेश शिवते. खोकला थोडा कमी आहे. आवाज आला नाही.

तो कोट मी आप्पासाहेबांकडे दिला. त्यांनी सवयीनं त्याचं कापड दोन बोटांत चोळलं आणि बाजूला ठेवला. "हट्टी आहे पोरगी," म्हणाले. "कलावंत असतातच."

यानंतर मी निवेदन सोडलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी आणखी दोन वर्षं केलं. मग आप्पासाहेबच आजारी पडले आणि महोत्सव थांबला.

गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, त्यांचा निरोप आला. बंगल्यावर वरच्या मजल्यावर पलंग टाकला होता. अंग उतरलं होतं, गालांची कातडी लोंबत होती, पण डोळे तेच. त्यांचा मुलगा, जो आता कारखाना बघतो, पलंगाशेजारी उभा होता. आप्पासाहेब म्हणाले, "बाई, माझ्या शोकसभेचं निवेदन लिहा. आत्ताच लिहा. मी गेल्यावर तुम्ही काय बोलणार ते मला कुठं ऐकायला मिळणार?"

ते गंमत करत नव्हते. मी आठवड्यानं लिहून नेलं. सभागृह लिहिलं, तंबोरे लिहिले, उस्मानभाईंचं ऑपरेशन लिहिलं. शेवटी एक परिच्छेद मी लिहिला होता. तो लिहायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यांच्यासमोर बसून सगळं वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, "‘उदार’ दोनदा आलंय, एक काढा." बरोबर होतं, दोनदा आलं होतं. मग मी तो परिच्छेद वाचला:

"आप्पासाहेबांच्या कारखान्यात नागमणी नावाची बाई होती. तिच्याइतकं चांगलं गाणं ह्या शहरात कुणी ऐकलं नाही, आणि ते ओळखलं आप्पासाहेबांनीच. मला धुळीतून हलवा, एवढं एकच तिनं मागितलं. आप्पासाहेबांनी तिला बाकी सगळं दिलं, ते दिलं नाही. तिचा आवाज गेला. मी तेव्हा गप्प राहिले."

मुलगा चपापला. "मॅडम, हे काय?" म्हणून पुढे आला. आप्पासाहेबांनी हातानंच त्याला थांबवलं. डोळे उघडले तेव्हा ओले होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. मी वाट बघत राहिले. इतक्या वर्षांनी, त्या पलंगाशेजारी बसून, मी खरोखर मनापासून वाट बघितली.

"तिचं रेकॉर्डिंग आहे ना आपल्याकडं?" ते मुलाला म्हणाले.

"आहे, आप्पा."

"सभेत ते लावा. सुरुवातीलाच. निवेदनाच्या आधी."

मी कागद पर्समध्ये घातले आणि उठले. "मी निवेदन करणार नाही, आप्पासाहेब," म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. अजिबात न रागावता, जेवायला नको म्हणणाऱ्या पाहुण्याला म्हणावं तसं. "तिचा आवाज असल्यावर निवेदन हवंय कशाला?"

मी दारापाशी वळून पाहिलं. ते उशीवरून थोडे उठले होते आणि मुलाच्या बाहीला धरून त्याला जवळ ओढत होते. मला ते विसरूनही गेले होते. मी जिना उतरू लागले, तेव्हा मागून त्यांचा थकलेला, पण अतिशय काळजीपूर्वक सांगणारा आवाज येत होता.

"आणि हे बघ, मधे एके ठिकाणी ती श्वास घेते. ऐकू येतो. तो तुमची रेकॉर्डिंगवाली पोरं कापून टाकतील, कापू देऊ नको. लई सुंदर घेते."